अर्जातली पहिली ओळ

दत्तू, सुटलास गड्या.

हे वाक्य लिहून मी आधी आजूबाजूला पाहिलं. कुणी वाचलं तर म्हणेल, जिवलग मित्र जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि ह्या गृहस्थाला हे सुचतंय. पण शेवटचा आठवडा मी तुझ्या उशाशी बसून काढला आहे. तू पुढे वाकून, उशीवर कोपरं टेकवून, एकेक श्वास असा ओढत होतास की खोल विहिरीवरची मोट बरी. त्या सकाळी तू ओढायचा थांबलास आणि तुझ्या कपाळावरची ती ताठलेली शीर हळूच सैल झाली. वहिनी रडल्या, मीही रडलो. पण रडता रडता माझीच छाती मोकळी झाली, हे तुझ्यापाशी नाही कबूल करायचं तर कुणापाशी?

हेडमास्तरांनी शाळेच्या अंकात तुझ्यावर लिहिलंय. सगळ्या तारखा बरोबर आहेत. तुला ‘शिस्तप्रिय’ म्हटलंय. मी शिक्षकांच्या खोलीत एवढ्या मोठ्यानं हसलो की ड्रॉइंगमास्तरांच्या हातून चहा सांडला. रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली परस्पर नेऊन चार बहिऱ्या पोरांना स्पिरिटचा दिवा पेटवायला शिकवणारा माणूस शिस्तप्रिय! तेही लढाईच्या दिवसांत, जेव्हा औषधाला स्पिरिट मिळत नव्हतं.

तो वर्ग निघाला शंकरमुळे, आणि आपलं भांडणही त्याच्याचमुळे. इस्लामपूरकडचा पोरगा, घरी ऊस, गुऱ्हाळ, थोरला भाऊ पलटणीत. नवव्या वर्षी तापानं कान गेले. तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि सगळे मास्तर त्याला फळा पुसायला सांगायचे, कारण खुणेनं सांगता येईल असं तेवढं एकच काम होतं. एके दिवशी तू त्याच्या हातात दोन परीक्षानळ्या दिल्यास. रंग बदलायच्या क्षणी तो तुझ्याआधी थांबला. तू परत करून पाहिलंस, तो परत तुझ्याआधी थांबला. मधल्या सुट्टीत तू माझ्याकडे धावत आलास, दम लागलेला, हातावर कसलेसे डाग.

“पंत, हे पोरगं रसायनशाळेत जाणार.”

“झाडायला?” मी विचारलं.

तू चिडलास. मग मी माझं म्हणणं नीट मांडलं, आणि तेव्हा मला ते अगदी दयाळू वाटत होतं. पोराला छापखान्यात खिळे जुळवायला लावावं, नाहीतर शिवणकाम. बहिऱ्या माणसाला शांतपणे बसून करता येईल असं काहीतरी. नसती आशा लावू नये. “प्रयोगशाळेत मागे बरणी फुटली तर त्याला कळणार कसं?” असंही मी विचारलं.

“तुला तर ऐकू येतं,” तू म्हणालास, “तू आजवर किती फुटत्या बरण्या झेलल्यास? गुऱ्हाळावर त्याचा बाप काहिलीतल्या पाकाचे बुडबुडे बघून सांगतो, उतरवा आता. कानानं सांगतो का? पोरगंही तसंच बघतं. काहिलीत दिसतं ते काचेच्या भांड्यात दिसणार नाही?”

मी म्हटलं, काचेच्या भांड्यामागे एक साहेब असतो आणि तो तोंडानं बोलतो. ह्यावर तू उठून तासाला निघून गेलास. मला वाटलं, जिंकलो. पण तू दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी येऊन बसलास आणि म्हणालास, “तू नाटकात विंगेतनं बोलतोस, ते शिकव.”

सांगलीत जन्मलो, म्हणून मला वाटतं पाळण्यातच तोंडाला रंग लावून घेतला असेल. पण नट म्हणून मी वाईट, हे गावानं एका प्रयोगात ठरवलं. तेव्हापासून मी प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून, नट वाक्य विसरला की पहिल्या रांगेला ऐकू न जाता त्याच्यापर्यंत ते पोचवायचं. खरं कसब आवाजात नाही, ओठांत असतं. नुसत्या ओठांवर मी अख्खा अंक चालवलेला आहे. ही विद्या कुणाला शास्त्रासाठी लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तू मागितलीस म्हणून मी शंकरसमोर बसलो. हळूहळू त्याला माझे ओठ वाचता येऊ लागले. आणि एका संध्याकाळी तू त्याला काही समजावत होतास, तेव्हा तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “सर, पंतांचं कळतंय. तुमचं तोंडच दिसंना. निस्त्या मिशाच दिसत्यात.”

दत्तू, तुझ्या त्या मिशा! साताऱ्याच्या मातीतल्या, झुपकेदार, वरचा ओठ पुरता गिळून खालच्यावर चाल करून जाणाऱ्या. तू दोन दिवस रजा घेतलीस. सोमवारी प्रार्थनेला मी दुरून पाहिलं, तर तू उभा आहेस, मान खाली, आणि मिशी सफाचट.

बाप जिवंत असताना कुणी मिशी उतरवतो का? मी काय समजणार? तुझे आबा गेले. तू माझ्याशी बोलायचं टाळतोयस, म्हणजे दुःख फार आहे. तुला नंतर भेटू, आधी घरच्यांचं सांत्वन करू, म्हणून मी तडक पोस्टात गेलो, कार्ड घेतलं आणि साताऱ्याजवळच्या तुझ्या गावी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहून टाकलं. “आबांसारखा वटवृक्ष कोसळला,” असं काहीसं होतं त्यात. दुपारपर्यंत सांगलीतले सात-आठ जण तुझ्या घरी जाऊन बसलेही. वहिनींनी प्रत्येकाला चहा केला आणि कुणी गेलंच नाही हे प्रत्येकाला वेगळं समजावलं. हे मला कळलं तेव्हा कार्ड निघून गेलं होतं.

पुढचं तूच मला हजारदा सांगितलंस, आणि मी प्रत्येक मैफलीत रंगवून सांगितलं. आबा ओट्यावर बसलेले. पोस्टमन आला, कार्ड बघून चाचरला.

“वाच की रं. कोन मेलं?”

“आबा... तुमीच.”

त्या रविवारी आबा मोटारीनं सांगलीत. आपण प्रयोगशाळेत होतो. शंकर, इस्लामपूरकडचेच दोघे बहिरे भाऊ आणि सुंदरा. सुंदरा म्हणजे हळदीच्या वखारीतल्या मापाड्याची मुलगी, तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तू हळदीच्या पाण्यात चुना टाकून ते लालभडक करून दाखवत होतास. दार धाडकन उघडलं. चौघांपैकी एकानंही वळून पाहिलं नाही. मी मात्र काचेच्या कपाटाआड गेलो.

“दत्त्या! मी जित्ता हाय का मेलोय, ह्ये इचाराया आलोय!”

“आवं आबा, बसा तरी.”

“बसतुय कशाला? मढी बसत्यात व्हय?”

तुला घाबरलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. हातातली नळी तशीच धरून तू सांगू लागलास, “आबा, ह्या पोरांना ऐकू येत न्हाई. व्हटं बघून ती समजून घेत्यात. मिशीनं माझं व्हट झाकत हुतं. म्हनून काढली. तुमचं वाईट चिंतून न्हाई.”

आबांनी पोरांकडे पाहिलं. मग शंकरसमोर जाऊन उभे राहिले. “खरं सांगतुय का रं ह्यो?”

शंकरनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, “आबा, तुमचं कळंना. तुमच्या तर सरांच्याहून लय मोठ्या हायत्या.”

  आबांनी काठी बाकाला टेकवली, दोन्ही हातांच्या बोटांनी आपली पांढरीशुभ्र मिशी पडद्यासारखी वर उचलली आणि विचारलं, “आन् आता?”

“आता कळलं. ‘आन् आता’ म्हनला.”

सुंदरानं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तासभर तो म्हातारा मिशी वर धरून त्या पोरांना विचारत होता. नाव काय, गाव कुठलं, बैलं किती, आई काय करते. शेवटी हात भरून आले तेव्हा कुठे थांबला. जाताना म्हणाला, “आन् त्ये पत्र कुनी धाडलं?” मी कपाटाआडून बाहेर आलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पोस्टमन म्हनत हुता, अक्षर चांगलं हाय.”

दत्तू, तू गेलास त्या दिवशी तुझ्या दारात तेच आबा भिंतीला टेकून बसले होते. मला जवळ बोलावलं. “पंत, तवा माझं खोटं लिवलंस. आता ह्येचं खरं लिव. माझ्या थोरल्याला कळवाय पायजे.” मी लिहिलं. त्या कार्डावर वटवृक्ष नव्हता. दोनच ओळी होत्या, आणि त्यांतलं अक्षरही काही फार चांगलं आलं नाही.

असो. शंकर मॅट्रिक झाला तेव्हा तुझा आनंद असा होता की जणू तूच सुटलास परीक्षेतून. दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या रसायनशाळेत गळीत हंगामापुरता एक मदतनीस घेणार, असं तुला कळलं. तू तेव्हा अंथरुणाला लागला होतास. बसल्या बसल्या तू मजकूर सांगितलास आणि मी लिहून घेतला. पहिली ओळ तू अशी सांगितलीस: “मला ऐकू येत नाही, माझ्यासमोर उभे राहून बोलल्यास मला समजते.”

मी म्हटलं, दत्तू, ही ओळ वाचून साहेब दुसरी ओळ वाचणार नाही.

“मग तो साहेब त्याच्या कामाचा नाही.”

“अरे, पण आधी आत तर जाऊ दे त्याला.”

“चोरून आत गेलेला माणूस आत गेल्यावरही चोरासारखाच वागतो, पंत. ती ओळ पहिली पाहिजे.” तुला खोकला आला, म्हणून मी मान डोलावली. वाद तिथंच राहिला.

आता ऐक. मी घरी जाऊन अर्ज स्वच्छ लिहून काढला आणि ती ओळ गाळली.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. माझी खात्री होती की मी त्या पोराचं भलं करतोय. तुझ्याऐवजी मुलाखतीला त्याच्याबरोबर मी गेलो. आत तीन उमेदवार एकेक करून. मी दाराशी उभा. रसायनशाळेचे मुख्य साहेब टक्कल पडलेले, गंभीर. त्यांनी अर्ज वाचला, “अक्षर सुरेख आहे,” म्हणाले, आणि खिडकीकडे जाऊन, बाहेर उसाच्या गाड्या बघत बघत, शंकरला पहिला प्रश्न विचारला.

शंकर त्यांच्या पाठीकडे बघत उभा. साहेबांनी परत विचारलं. शंकर पाठीकडे बघत उभा.  विंगेत मी जन्म काढला, पण दारातून त्याला सांगू काय, त्याचं तोंड तर माझ्याकडे नव्हतं! साहेब वळलेसुद्धा नाहीत. शिपायाला म्हणाले, “दुसऱ्याला पाठव.” शिपायानं दार उघडून धरलं.

ते उघडलेलं दार शंकरला दिसलं. काय झालं असेल हे त्यानं ताडलं. तो दाराकडे आला नाही. टेबलाला वळसा घालून तो साहेब आणि खिडकी ह्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. आणि मग मी त्याला कुठल्या पुस्तकावरून शिकवलं होतं, ते अख्ख्या कचेरीला कळलं. मी कुठलं शिकवणार? माझ्याजवळ होती ती पौराणिक नाटकांची बाडं.

“महाराज,” शंकर गरजला, “मला ऐकू येत नाही. मुखकमल माझ्याकडे असावे, ही विनंती.”

शिपायानं दार सोडून दिलं. साहेबांनी अर्ज परत उचलला. “ह्यात हे लिहिलेलं नाही.” मग माझ्याकडे बघून, “का नाही लिहिलं?”

“जागा पुरली नाही,” मी म्हणालो.

निम्मं पान कोरं होतं, दत्तू. साहेबांनी ते मला दिसेल असं धरलं.

पुढचं तुला मी सांगितलं होतं, पण परत ऐक, कारण ते सांगताना मला आजही गुदगुल्या होतात. साहेब तिघांनाही ऊस पिळायच्या यंत्रांपाशी घेऊन गेले. तिथला आवाज! पायाखालची फरशी थरथरत होती. साहेब दहा हातांवरून काही बोलले. बाकीचे दोघे कानामागे हात धरून “काय? काय?” करू लागले. मीही तेच करत होतो. शंकर निघाला, पलीकडच्या नळाखालून बाटलीत रस भरून घेऊन आला. साहेबांनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी आवाज काढलाच नाही, मी शपथेवर सांगतो, नुसते ओठ हलवले. शंकर छाती पुढे काढून म्हणाला, “आज्ञा शिरसावंद्य!” आणि खालच्या मजल्यावरून रसाची दुसरी बाटली आणली. वर दोन्ही बाटल्या उजेडात धरून म्हणाला, “ह्यो आताचा. ह्यो सकाळधरनं पडलाय, आंबाय लागलाय.” तेवढं मात्र माझ्या नाटकातलं नव्हतं. ते गुऱ्हाळातलं होतं.

हंगामापुरता घेतला त्याला.

मी तुझ्याकडे आलो. तू दोनदा सांगायला लावलंस, हसून हसून तुला ढास लागली, वहिनींनी मला रागावून बाहेर काढलं. दारातून तू विचारलंस, “पंत, पहिली ओळ वाचून साहेब काय म्हणाला?”

मी म्हणालो, “म्हणाला, माणूस प्रामाणिक आहे.”

तू डोळे मिटून मान हलवलीस. किती समाधानानं! तेव्हापासून ते खोटं मी सांभाळत आलो. हंगामभर तू म्हणत होतास, “बघ, लिहिलं ना खरं? काय बिघडलं?” आणि मी म्हणत होतो, काही नाही, काही नाही.

आता ऐक. तुझ्या बाराव्या दिवशी तुझ्या नावचं पत्र आलं. वहिनींनी ते माझ्या हातात दिलं. साहेबांचं, इंग्रजीत. त्यांना तू गेल्याचं माहीत नव्हतं. शंकरला हंगामानंतरही कायम ठेवलंय. पुढची परीक्षाही त्याला द्यायला लावणार आहेत, पुस्तकं त्यांनी स्वतःची दिलीत. मी हे वाचून वहिनींना सांगितलं, आबांना सांगितलं. आबा म्हणाले, “झालं तर मग.” तेवढंच म्हणाले, पण ते भिंतीचा आधार सोडून ताठ बसले.

त्याखाली आणखी चार ओळी होत्या. त्या मी कुणाला सांगितल्या नाहीत. अर्जात ती गोष्ट लिहायची राहून गेली, असं साहेब तुला लिहितात. ते खिडकीशी उभे असताना त्यांच्या मनात शंकर नापास झाला होता. तो टेबलाला वळसा घालून आला नसता तर परत बोलावण्याचं कारणच नव्हतं. ‘आधी माहीत असतं तर मी समोर बसून विचारलं असतं. पुढच्या वेळी कृपा करून ही गोष्ट पहिल्याच ओळीत लिहा.’

दत्तू, तुझंच वाक्य. आणि मी, त्या पोराचं भलं करणारा मी, त्याची नोकरी जवळजवळ घालवून बसलो होतो. वाचवली त्यानं स्वतः. मी तिथंच, बाराव्याच्या पंगतीशेजारी उभा राहून हसू लागलो. लोकांना वाटलं दुःखानं भ्रमलो. पण मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तू बरोबर होतास, पोरगं आत आहे, आणि मला आता कसलंही खोटं सांभाळायचं नाही. भांडण संपलं. हरलो. असं हरायला माझी कधीही तयारी आहे.

काल रविवार होता. किल्ली मी घेतली. हो, परस्पर. शंकरला साप्ताहिक सुट्टी होती, तो आला आणि त्यानंच वर्ग घेतला; मी मागच्या बाकावर. मला म्हणाला, “पंत, मान वर. खाली बघून बोलता, मग कसं कळायचं?” दोघे भाऊ खो खो हसले.

वर्ग संपल्यावर सुंदरा थांबली. ती आता सतरा वर्षांची आहे. तुझ्या त्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती तासन् तास बसते, आणि जे दिसतं ते हुबेहूब काढते. मिरजेच्या एका डॉक्टरांना रक्त तपासायच्या खोलीत माणूस हवा आहे. तिचे वडील आदल्या दिवशी मला म्हणून गेले होते, “पंत, शिवनकाम बरं न्हाई का? पोरीच्या जातीला?” मी त्यांना जे उत्तर दिलं, त्यात फुटत्या बरणीचाही उल्लेख होता. तू असतास तर म्हणाला असतास, चोरा, हे माझं आहे.

मी अर्ज लिहायला बसलो. पहिली ओळ, सगळ्यांत वर, ठळक अक्षरात: ‘दुर्दैवाने मला ऐकू येत नाही, माझ्यासमोर उभे राहून बोलल्यास मला समजते.’ सुंदराला वाचायला दिला. तिनं वाचला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातून टाक काढून घेतला आणि ‘दुर्दैवाने’ हा शब्द खोडून टाकला. मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोटानं खूण केली: नवा घ्या, स्वच्छ लिहा.

मी नवा कागद घेतला.